देवळाच्या आवारातील क्षीरीवृक्ष : औषधी गुणांचा थोडा इतिहास

देवस्थानच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा श्रींच्या स्थलांतराचा इतिहास, पालखीचा क्रम किंवा अग्रशाळेचा जीर्णोद्धार यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु या विषयांवर आपल्या पूर्वीच्या स्मरणिकांतून अधिकारी व्यक्तींनी लिहिलेले आहे. म्हणून ज्यांच्या सावलीत आपण चपला काढून ठेवतो, पण ज्यांच्याकडे मान वर करून क्वचितच पाहतो, त्या वड, पिंपळ व उंबर या वृक्षांविषयी चार शब्द लिहिण्याचे ठरविले. मी वैद्य नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हे. आयुष्यभर कचेरीत कागद लावून ठेवण्याचे काम केले. या वृक्षांच्या औषधी गुणांसंबंधीचे कागदही त्याच सवयीने लावून पाहिले आणि त्यातून जे दिसले, ते महाजन बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

एकाच कुळातील भावंडे

वड, पिंपळ, उंबर, पायरी, बोखेडा आणि खरवत ही सारी झाडे अंजिराच्या कुळातील आहेत. आपल्याकडे उंबराला बोलीत रुमड म्हणतात. मडगावाजवळच्या रुमडामळ या गावाच्या नावातच तो आलेला आहे. यांपैकी कोणालाही आपण बाजारी अंजिरासारखे बागेत लावून वाढवीत नाही. पक्षी व वटवाघुळे फळे खातात, बी विष्ठेतून कोठेही पडते, आणि मग दीपस्तंभाच्या भेगेत वा तळीच्या पायरीत रोप दिसू लागते. देवस्थान समित्यांना दरवर्षी त्यांच्यासाठी खर्च करावा लागतो, हे आपण जाणतोच. खरवतीच्या खरबरीत पानांनी पूर्वी सुतार लाकूड घासून गुळगुळीत करीत.

या कुळाची एक खूण म्हणजे पान तोडताच येणारा पांढरा चीक. त्यामुळेच आयुर्वेदाने यांना क्षीरीवृक्ष म्हटले. दुसरी खूण म्हणजे बाहेरून न दिसणारे फूल. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. वास्तविक उंबराला शेकडो फुले असतात. ती फळाच्या पोटात आतल्या बाजूस असतात. एक अतिशय बारीक गांधीलमाशी फळाच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून आत शिरते, परागवहन करते, तेथेच अंडी घालते आणि बहुधा तेथेच मरते. उंबर फोडून केंबरे काढण्याची म्हण यावरूनच आली. प्राचीनांनाही हे ठाऊक होते. संस्कृतात उंबराचे एक नाव जंतुफल असे आहे, आणि चरक-सुश्रुतांच्या परिभाषेत वनस्पती हा शब्दच मुळी फूल न दिसता फळ धरणाऱ्या वृक्षांसाठी होता. आज आपण तो साऱ्या हिरव्या सृष्टीला लावतो.

शास्त्रात सांगितलेले गुण

चरकसंहितेत औषधांचे दहा-दहाचे गट केलेले आहेत. त्यांतील मूत्रसंग्रहणीय, म्हणजे लघवीचे अतिप्रमाण आवरणाऱ्या दहा द्रव्यांत पायरी, वड, उंबर व पिंपळ अशी याच कुळातील चार नावे आहेत. सुश्रुताने या वृक्षांना न्यग्रोधादि गणाच्या अग्रभागी ठेवले. वड, उंबर, पिंपळ, पायरी आणि परसातील भेंडीचे झाड, ज्याला ग्रंथांत पारीष म्हणतात, या पाचांच्या सालींना पंचवल्कल असे नाव असून जखम धुण्यासाठी, चिघळलेले व्रण सुकविण्यासाठी आणि तोंड आल्यास गुळण्या करण्यासाठी त्यांचा काढा सांगितलेला आहे. या सर्वांचा रस तुरट व वीर्य शीत. रक्तस्राव थांबविणे, दाह शमविणे व व्रण भरून आणणे ही यांची मुख्य कामे होत.

बोखेड्याला ग्रंथांत काकोदुंबरिका किंवा मलपू म्हणतात. पांढऱ्या कोडावर, ज्याला शास्त्रात श्वित्र म्हणतात, मलपूचा रस गुळाबरोबर देऊन रोग्याला सोसेल तितके उन्हात बसवावे, असे चरकाने सांगितले आहे. औषध आणि ऊन यांचा हा जोड वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आपल्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचे माहात्म्य आहे. हिरण्यकशिपूच्या पोटातील विषाने नृसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला, तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली व त्यांत नखे रोवताच दाह शांत झाला, ही कथा सर्वांना माहीत आहे. भाविक तिच्याकडे दत्तभक्तीच्या दृष्टीने पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु वैद्याने सांगितलेला दाहशामक गुण पुराणिकाने कथेत गुंफून घरोघर पोचविला, असेही तिच्याकडे पाहता येईल. नवग्रहांच्या होमात गुरूला पिंपळाची व शुक्राला उंबराची समिधा लागते. पूजा, होम आणि औषध या तिन्ही कारणांसाठी झाड हाताशी असणे आवश्यक, म्हणून ते देवळाजवळ राखले गेले, असे मला वाटते.

परक्यांच्या दप्तरातील नोंदी

गोमंतकात औषधींची लेखी नोंद करणारा पहिला मोठा युरोपीय म्हणजे गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. लिसेवमध्ये शिकलेले पोर्तुगीज या वयात कशासाठी उपयोगी पडणार, असे मला वाटत असे. परंतु हा ग्रंथ चाळताना ते पडले. हिंदुस्थानच्या फिगूंवरचे प्रकरण दिसताच मी आनंदाने उघडले, की येथे वड-पिंपळाविषयी काही मिळेल. वाचतो तो ते केळ्यांविषयी! त्या काळी पोर्तुगीज केळ्याला फिगू म्हणत, आणि आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नाताळात येणारी फिगाद अजूनही केळ्यांचीच असते. या ग्रंथात मालूपा नावाच्या एका हिंदू वैद्याचा उल्लेख आहे. अनेक औषधींची देशी नावे ओर्ताने लिहून ठेवली. ती त्याला स्थानिक वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना विचारूनच मिळाली असणार.

तो काळ कसा होता, हे आपणांस सांगावयास नको. साष्टीतील देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली, आणि आपल्या पूर्वजांनी देव उचलून जुवारी नदीपलीकडे, त्यावेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात आणले. श्रीमंगेश कुशस्थळीहून, श्रीशांतादुर्गा केळोशीहून, श्रीम्हाळसा वेर्णेहून आली. त्याच 1567 साली भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्याकडे जाऊ नये असे ठरविले. तरी रोग धर्म पाहत नाही. व्हिसरेईपासून पाद्रींपर्यंत सारे या वैद्यांचे, म्हणजे त्यांच्या भाषेत पंडितांचे, औषध घेतच राहिले. शेवटी 1618 मध्ये गोव्याच्या नगरसभेने परीक्षा घेऊन परवाना देण्याची पद्धत घातली आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसपुरती मर्यादित केली. ज्याची बंदी करावयाची त्याचीच संख्या ठरवून द्यावी लागली, यातच त्यांच्या औषधाची किंमत दिसून येते. स्वतः ओर्ता 1568 साली वारला. तो जन्माने ज्यू वंशाचा असल्याने 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे थडग्यातून काढून जाळली. ग्रंथ मात्र राहिला.

देव हलविता येतो, वृक्ष हलविता येत नाही. परंतु अंत्रुजच्या डोंगरकुशीत आलेल्या कुटुंबांना वड, पिंपळ, उंबर येथेही आयतेच मिळाले आणि घरचा वैद्यकाचा आचार खंडित झाला नाही.

त्याच काळात आपल्या लोकांचा दुसरा ओघ समुद्रमार्गे दक्षिणेस कोचीनकडे गेला होता. तेथे पुढे जे घडले, त्याचा आपणांस अभिमान वाटावा असे आहे. डचांचा मलबारमधील अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेड याने तेथील वनस्पतींचा मोठा ग्रंथ करविला. होर्तुस मलबारिकुस या नावाने त्याचे बारा खंड 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅम येथे छापले गेले. या कामात इट्टी अच्युतन् या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. या तिघांनी 1675 च्या एप्रिल महिन्यात दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी लिपीत जसेच्या तसे छापलेले आहे. भाषा त्या काळची कोंकणी. छापून निघालेल्या कोंकणीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी तो एक होय. कोचीनला ज्ञान तोंडी सांगितले जाई, ते आधी पोर्तुगीजमध्ये, मग डचमध्ये आणि शेवटी लॅटिनमध्ये उतरे. इतक्या हातांतून जाऊनही झाडाची मूळ नावे मात्र कायम राहिली.

पहिल्याच खंडात आपले तीन वृक्ष सचित्र आले आहेत : अत्ति-आलू म्हणजे उंबर, अरे-आलू म्हणजे पिंपळ आणि पेर-आलू म्हणजे वड. पुढे 1753 मध्ये स्वीडनच्या लिनियसने जगातील वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा उंबराला फायकस रेसिमोसा म्हणताना याच ग्रंथातील अत्ति-आलूच्या चित्राचा हवाला घेतला. पिंपळाला त्याने फायकस रिलिजिओसा, म्हणजे धार्मिक अंजीर, असे नाव दिले. आज जगातील कोणत्याही विद्यापीठात उंबराचे शास्त्रीय नाव उच्चारले जाते, तेव्हा त्यामागे त्या जुन्या ग्रंथाच्या वैद्यांचा अदृश्य हात असतो. नंतरच्या काळात डॉ. दानियेल जेलानियु दाल्गादु या गोमंतकीय डॉक्टराने गोवा व सावंतवाडीच्या औषधी वनस्पतींची सूची पोर्तुगीजमध्ये तयार केली. ती 1898 साली लिस्बनला प्रसिद्ध झाली.

आजचे शास्त्र काय म्हणते

आता प्रश्न असा, की हे सारे गुण खरे किती? येथे भावनेपेक्षा पुराव्याला मान द्यावा.

सालीचा तुरटपणा टॅनिन या द्रव्यांमुळे येतो. टॅनिन प्रथिनांना साकळविते. जखमेवर काढा ओतला की वरच्या थरातील प्रथिने घट्ट होऊन पातळ पापुद्रा बनतो, पाझर थांबतो आणि कित्येक जंतूंची वाढही रोखली जाते. पंचवल्कलाने व्रण धुण्याची रीत म्हणजे अंधश्रद्धा नव्हे, हे यावरून कळते. उंबराच्या पानांतून 2004 साली संशोधकांनी रेसिमोसिक आम्ल नावाचे द्रव्य वेगळे केले. सूज आणणारे पदार्थ शरीरात ज्या विकरांमुळे तयार होतात, त्यांपैकी दोघांचे काम ते प्रयोगशाळेत मंदावते, असे आढळले. वडाच्या सालीतून केरळमधील संशोधकांनी बेंगालेनोसाइड हे ग्लुकोसाइड काढले. त्याने सशांच्या रक्तातील साखर कमी होते, असा निष्कर्ष 1975 साली प्रसिद्ध झाला. चरकाच्या मूत्रसंग्रहणीय गटाची येथे आठवण होते. परंतु ससा वेगळा आणि माणूस वेगळा. वडाच्या सालीचा काढा सुरू करून डॉक्टरांची गोळी किंवा इन्सुलिन बंद करणे हा आत्मघात आहे. आमच्या नात्यातच एका गृहस्थांनी तसे केले आणि पायाच्या जखमेपायी पायाचा अंगठा गमावला. दोष झाडाचा नव्हता. ऐकीव माहितीवर स्वतःच वैद्य होण्याचा होता.

चिकाची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेतील लोक तेथील रानटी अंजिराचा चीक पोटातील जंतांवर देत आले. 1930 साली रॉबिन्स या संशोधकाने त्यातील प्रथिने पचविणारे विकर ओळखले. त्याला फायसिन म्हणतात. हे जंताचे शरीरच पचवून टाकते. पपईतील पेपेन याच जातीचे आहे. परंतु जे जंत पचविते ते आपल्या कातडीला व आतड्यालाही इजा करू शकते. म्हणून चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि मुलांच्या पोटात तर मुळीच देऊ नये.

आता त्या ऊन व औषधाच्या जोडाकडे येऊ. बाजारी अंजिराच्या पानांत व चिकात सोरॅलिन वर्गातील द्रव्ये असतात. ती कातडीला लागून वर ऊन पडले की कातडी पोळते आणि मागे काळसर डाग राहतो. आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही कोडावर सोरॅलिन देऊन नियंत्रित किरणांचा उपचार करतात. काकोदुंबरिकेचा रस देऊन रोग्याला उन्हात बसविणाऱ्या वैद्याला सोरॅलिन हे नाव माहीत नव्हते, परंतु निरीक्षण अचूक होते. तरी आज कोणी हा प्रयोग घरी करू नये. प्रमाण चुकल्यास भाजल्यासारखे फोड येतात.

सगळेच जुने उपचार मात्र कसोटीला उतरत नाहीत. गालगुंडावर उंबराचा चीक लावण्याची चाल आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल. चीक वाळला की गालावर पातळ पट्टी बसते, थोडा आराम वाटतो. परंतु गालगुंड हा विषाणूचा रोग असून तो बहुधा आपोआपच उतरतो. श्रेय मात्र उंबराला मिळत गेले. अशा रोगावर आज लस हाच खरा उपाय आहे.

घरातील एक बाड

हा सारा इतिहास मी का शोधीत बसलो, ते आता सांगितले पाहिजे. आमच्या पणजोबांना थोडे वैद्यक येत असे. त्यांचे एक बाड माळ्यावरच्या पेटीत होते. मोडी लिपीत लिहिलेले, कडा कुरतडलेले, लाल कापडात बांधलेले. गोवा मुक्तीनंतर काही वर्षांनी चवथीच्या आधी घर झाडताना ते माझ्या हाती आले. मला पोर्तुगीज येत होते, थोडे फ्रेंचही येत होते. मोडी येत नव्हती. वाळवी लागलेला, न वाचता येणारा कागद घरात कशाला, असे म्हणून मीच ते न्हाणीच्या चुलीत घातले. आजी मागच्या दारी वाती वळीत बसली होती. ती रागावली नाही. तुझ्या पणज्याच्या हातचे उंबराचे पाणी त्यात लिहिलेले होते रे, एवढेच म्हणाली.

उंबराचे पाणी कसे काढतात, ते तिने मला सांगितले होते. संध्याकाळी झाडाचे एक मूळ उकरून काढायचे, टोक कापून ते मडक्यात सोडायचे, वर माती लोटून मडके झाकायचे आणि पहाटे त्यात साठलेले पाणी गाळून घ्यायचे. गोवर उतरल्यावर अंगात राहिलेल्या उष्णतेवर ती ते देत असे. पण किती द्यावे, कोणत्या वयाच्या मुलाला द्यावे, कोणाला देऊ नये, हे तिला नक्की ठाऊक नव्हते. ते बाडात होते. औषधाचे नाव राहिले, प्रमाण गेले. आणि प्रमाण गेलेले औषध निरुपयोगी, प्रसंगी धोक्याचे.

म्हणून विनायक पंडितांचे प्रमाणपत्र प्रथम पाहिले, तेव्हा अभिमानाबरोबर लाजही वाटली. परक्याने विचारले म्हणून त्या तिघांचे ज्ञान साडेतीनशे वर्षे टिकले; माझ्या घरातले ज्ञान मला वाचता न आल्याने एका सकाळी पाणी तापविण्यापुरते कामास आले. आपल्या पूर्वजांना लिहिणे माहीत नव्हते असे नव्हे. त्यांनी लिहिले, मोडीत लिहिले, गोयकानडीत लिहिले. तुटली ती वाचणाऱ्यांची साखळी. तिचा दोष मी लिसेवला देत नाही. शिकावयाचे मनावर घेतले असते तर मोडीची मुळाक्षरे एका पावसाळ्यात येण्यासारखी होती.

महाजनांस विनंती

समारोपात दोन गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली बाडांविषयी. ज्यांच्या माळ्यावर, देव्हाऱ्याखाली किंवा जुन्या पेटीत न वाचता येणारे कागद असतील, त्यांनी ते जाळू नयेत, तळीत विसर्जित करू नयेत, रद्दीतही देऊ नयेत. त्यांचे फोटो काढून ठेवावेत आणि मोडी व गोयकानडी जाणणाऱ्यांना दाखवावेत. दियोगु द कौतु याने 1595 मध्ये गोव्यात दप्तरखाना सुरू केला, आणि त्या परंपरेतले पुराभिलेखागार आजही पणजीत आहे. परक्या राज्यकर्त्यांनी चारशे वर्षांपूर्वी केलेली व्यवस्था आपल्या देवस्थानाने एका कपाटाने तरी सुरू करावी. जे वाचले जाईल ते लगेच वापरण्यासाठी नव्हे, तर वैद्यांनी व शास्त्रज्ञांनी तपासण्यासाठी.

दुसरी झाडांविषयी. मंडप वाढवावयाचा, वाहनांना जागा करावयाची, कुंपणाची भिंत सरळ न्यावयाची, यांसाठी जुन्या उंबरावर कुऱ्हाड पडल्याचे अलीकडे काही ठिकाणी पाहण्यात आले. दीपस्तंभाच्या भेगेतले रोप वेळीच काढावे. तो वास्तूचा प्रश्न आहे. परंतु आवारात मोकळेपणी वाढलेला उंबर वर्षातून अनेकदा फळतो, आणि इतर झाडे रिकामी असतात तेव्हाही पक्ष्यांना अन्न देतो. त्याच्या सालीत व पानांत काय काय आहे, याचा शोध अजून संपलेला नाही. भिंत थोडी वळवून घेता येते. शंभर वर्षांचे झाड वळवून घेता येत नाही.

आमच्या देवळामागच्या उंबराला या वर्षीही फळे धरली आहेत. त्याच्या मुळाशी मडके ठेवून पाहण्याचे धाडस मी करीत नाही, कारण प्रमाण मला माहीत नाही. ज्या कुटुंबाच्या बाडात ते लिहिलेले असेल, त्या कुटुंबाला ते वाचण्याची बुद्धी होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.